दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या दिसतात, तरी गिट कॉन्फ्लिक्ट का दाखवतंय? (मराठी शब्दयादीचं डेबियन पॅकेज)

पऱ्हाटी · दारव्हा

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या काही शाळा आणि वाचनालयांत डेबियनवर (मोफत लिनक्स प्रणाली) चालणारी जुनी यंत्रं आहेत. त्यांच्यासाठी मी मराठी शब्दतपासणीचं एक हनस्पेल पॅकेज सांभाळतो (हनस्पेल म्हणजे शब्दयादीवरून चुका दाखवणारा प्रोग्राम). मूळ शब्दयादी दुसरा एक स्वयंसेवी गट चालवतो, त्याला खाली नुसतं अपस्ट्रीम म्हणतो. त्या यादीवर आम्ही शेतीतले शब्द चढवतो: डवरा, वखर, तिफन, सरकी, धुरा, सालदार, आणि त्यांची सगळी रूपं. पोरगं शाळेत निबंध टाइप करते आणि 'डवऱ्याचा', 'धुऱ्यावर' या शब्दांखाली लाल रेघ येते. मग त्याला वाटते की आपल्या घरचं बोलणंच चुकीचं आहे. हे मला बघवत नाही, म्हणून हे काम.

मांडणी नेहमीची आहे. गिट (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि त्यावरून डेबियन पॅकेज बांधणारं गिट-बिल्डपॅकेज वापरतो, तीन ब्रँच (बदलांच्या वेगळ्या वाटा): अपस्ट्रीम, प्रिस्टाइन-टार, डेबियन/लेटेस्ट. आमचे शब्द डेबियन/पॅचेस या फोल्डरात क्विल्टचे पॅच (मूळ फाइलीवर चढवायचे बदल) म्हणून राहतात.

अपस्ट्रीमची १.४ आवृत्ती निघाली तेव्हा मी ती घेतली, पॅच बसले, पॅकेज बांधलं गेलं. त्यानंतर फेच करायला (त्यांचे नवे बदल उतरवायला) गेलो तर गिट म्हणते:

रिजेक्टेड (वुड क्लॉबर एग्झिस्टिंग टॅग)

म्हणजे १.४ चा टॅग (त्या आवृत्तीवर लावलेली नावाची खूण) त्यांनी हलवलेला दिसतो. नवा टॅग वेगळ्या नावानं आणून पाहिला आणि 'जीबीपी पीक्यू रीबेस' (आमचे पॅच नव्या यादीवर पुन्हा चढवणं) चालवलं, तर जवळपास प्रत्येक पॅच अडकला. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागच्या दोन बदलांची टक्कर) असा दिसतो:

<<<<<<< हेड
शेतकऱ्याचा
=======
शेतकऱ्याचा
>>>>>>> शेतीचे शब्द, भाग १

सांगा बरं, यात काय निवडायचं? 'गिट डिफ -डब्ल्यू' नं स्पेसचा फरक वगळून पाहिला, तरी तेच. शिवाय .डिक या शब्दयादीच्या फाइलच्या पहिल्या ओळीवर दरवेळी कॉन्फ्लिक्ट येतो, तो तर जुनाच आहे. हातानं एकेक सोडवत बसायची तयारी आहे, पण काय सोडवतो आहे हे न कळता सोडवायचं नाही.

---

संत्राबाग · वरुड

भाऊ, पहिला संशय ओळीच्या शेवटावर घ्या. अपस्ट्रीममध्ये कोणी विंडोजवर काम करत असेल तर सीआरएलएफ घुसतं (ओळ संपवायची विंडोजची खूण; लिनक्सची एलएफ). विंडोजचं गिट बसवताना 'ऑटोसीआरएलएफ' आपोआप चालू होतं आणि एकानं जरी ते बंद केलं की फाइल दोन प्रकारांनी कमिट होऊ (गिटच्या इतिहासात नोंदली जाऊ) लागते. हे चालवून पाहा:

गिट एलएस-फाइल्स --ईओएल

डावीकडे 'आय' म्हणजे इंडेक्समधली (कमिटासाठी तयार ठेवलेल्या प्रतीची) स्थिती, 'डब्ल्यू' म्हणजे कामाच्या फोल्डरातली. कुठे 'मिक्स्ड' दिसलं तर तिथंच रोग आहे. तसं असेल तर .गिटॲट्रिब्यूट्समध्ये 'टेक्स्ट ईओएल=एलएफ' लिहून 'गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .' केलं की एका कमिटात निपटते.

---

पऱ्हाटी · दारव्हा

पाहिलं. सगळीकडे एलएफच आहे, दोन्ही बाजूंना. बीओएमही (फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण) नाही. फाइल युटीएफ-८ च आहे.

---

वर्धाकाठ · आर्वी

पऱ्हाटी भाऊ, शब्द 'शेतकऱ्याचा' आहे, म्हणजे त्यात ऱ्य आहे. अडकलेल्या बाकीच्या ओळी बघा. 'धुऱ्यावर', 'चाऱ्यासाठी', 'वाऱ्यानं' असेच शब्द असणार. 'वखर' किंवा 'सरकी' सहसा अडकला नसेल.

आता डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बाइट बघा. कॉन्फ्लिक्ट उघडा असताना इंडेक्समध्ये एका फाइलच्या तीन प्रती असतात: १ म्हणजे दोघांचा समान पूर्वज, २ म्हणजे आपली, ३ म्हणजे समोरची. त्या अशा बाहेर काढता येतात:

गिट शो :१:शब्द.डिक
गिट शो :२:शब्द.डिक
गिट शो :३:शब्द.डिक

तिन्हींतून तीच एक ओळ ग्रेपनं काढा, एक्सएक्सडीला द्या, किंवा पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलकडून प्रत्येक अक्षराचं नाव विचारा.

एक ध्यानात असू द्या. हे रीबेस आहे, मर्ज (दोन ब्रँच एकत्र करणं) नव्हे. रीबेसमध्ये 'आपली' बाजू म्हणजे ज्याच्यावर चढतो आहोत ती, म्हणजे तुमच्या बाबतीत अपस्ट्रीमची नवी यादी. तुमचे पॅच ३ नंबरला दिसतील. इथं भलेभले उलटं समजतात आणि 'अवर्स' निवडून स्वतःचंच काम पुसून टाकतात.

---

पऱ्हाटी · दारव्हा

ताई, तुमचा अंदाज बरोबर. अडकलेल्या सगळ्या ओळी ऱ्य आणि ऱ्ह वाल्याच आहेत. खालचे आकडे म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक.

१ (पूर्वज): क, र ०९३०, हलन्त ०९४डी, मग २००डी, मग य
२ (नवं अपस्ट्रीम): क, ऱ ०९३१, हलन्त ०९४डी, मग य
३ (आमचे पॅच): बहुतेक पहिल्यासारखंच, पण काही ओळींत र ०९३०, नुक्ता ०९३सी, हलन्त, य

म्हणजे एकाच ऱ्य चे तीन अवतार. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. यातलं २००डी म्हणजे झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी अदृश्य खूण) ना?

मी विचार करत होतो की सेड (शोधून बदलणारं साधन) चालवून सगळीकडून २००डी उडवून टाकावा. चालेल का?

---

वर्धाकाठ · आर्वी

नाही, अजिबात उडवू नका! झेडडब्ल्यूजे काढला की मागे र, हलन्त, य एवढंच उरतं आणि त्याचा रफार होतो. 'दऱ्या' चा 'दर्या' होईल. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र हे दोन्ही शब्द यादीत असायला हवेत, आणि तपासणीचं पॅकेजच जर 'शेतकर्याचा' शुद्ध म्हणू लागलं तर त्याचा उपयोग काय?

आता तीन अवतारांचं. पहिला, ०९३१ अधिक हलन्त. मराठीच्या चंद्रकोरीसारख्या र साठी युनिकोडनं हाच मार्ग सांगितला आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबलं की हाच ऱ येतो. दुसरा, र अधिक नुक्ता. युनिकोडच्या हिशेबात हा पहिल्याच्या बरोबरीचा आहे, त्यामुळे एनएफसी नॉर्मलायझेशन (बरोबरीच्या रूपांना एकच ठरावीक रूप देणं) केलं की तो आपोआप ०९३१ होतो. तिसरा, र अधिक हलन्त अधिक झेडडब्ल्यूजे. हा दिसतो तसाच, पण युनिकोड त्याला पहिल्याच्या बरोबरीचा मानत नाही, म्हणून एनएफसी त्याला हात लावत नाही. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडात आणणारी काही साधनं हाच प्रकार तयार करतात. तुमच्या यादीचा पूर्वज बहुधा तिथूनच आला.

म्हणजे नुसतं एनएफसी चालवून भागणार नाही. तिसऱ्या प्रकारासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागेल: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे अशी सलग तिघं दिसली तर तिथं ऱ, हलन्त. बाकी कुठल्याही झेडडब्ल्यूजेला धक्का नाही.

असंच दुसरं ठिकाण म्हणजे 'ॲ'. त्याचं स्वतंत्र अक्षर ०९७२ हे युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीचा मजकूर अ अधिक ॅ असा असतो, कधी मधे झेडडब्ल्यूजे घालून. 'ॲप', 'बँकेचं ॲड्रेस' असले शब्द यादीत असतील तर तेही तपासा.

अपस्ट्रीमनं हे रूपांतर केलं ते योग्यच केलं. टॅग हलवून केलं हे मात्र बरोबर नाही, त्याबद्दल वेगळं लिहिते.

---

झाडीपट्टी · साकोली

मला एक समजलं नाही. गिटला एवढं कळत नाही का की दोन्ही एकच आहेत? इतकी वर्षं झाली त्याला.

---

वर्धाकाठ · आर्वी

गिटला अक्षर दिसत नाही, बाइट दिसतात, आणि ते तसंच हवं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी. फाइलच्या आशयाला कोणी धक्का लावू नये, दिलं तेच परत मिळावं, ही त्याची पहिली हमी. नॉर्मलायझेशन फक्त मॅकवर आणि तेही फाइलच्या नावापुरतं आहे, 'कोअर.प्रीकंपोझयुनिकोड' या सेटिंगनं. आतला मजकूर सांभाळणं आपलंच काम.

जाता जाता: फाइलींची नावं मराठी असतील आणि गिट स्टेटसमध्ये नुसते आकडे आणि उलट्या तिरक्या रेघा दिसत असतील तर 'कोअर.कोटपाथ' फॉल्स करा. नावं नीट दिसू लागतील.

आता टॅगचं.

गिट २.२० पासून फेच हा आपल्याकडे असलेला टॅग आपणहून बदलत नाही. म्हणून तुम्हाला 'क्लॉबर' चा संदेश आला. बरेच जण तिथं --फोर्स मारून मोकळे होतात. पॅकेज सांभाळणाऱ्यानं ते करू नये. आधी बघा:

गिट एलएस-रिमोट --टॅग्ज अपस्ट्रीम

तिथला हॅश (कमिटाची ओळख पटवणारा लांब क्रमांक) आणि तुमच्याकडचा हॅश दोन्ही लिहून ठेवा, आणि दोहोंमधला फरक 'गिट डिफ' नं पूर्ण वाचा. तुमच्या बाबतीत कारण निर्मळ आहे, रूपांतराची घाई. पण तेच निर्मळ आहे हे कळायलाही वाचावंच लागतं.

मी यावर इतकं का बोलते ते सांगते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघडकीस आणला. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. त्यात बिल्डच्या वेळी चोरदरवाजा जागा करणारी एम४ फाइल फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (आवृत्तीच्या दाबलेल्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नव्हतीच. मुख्य विष गिटमध्ये होतं, पण चाचणीच्या फाइलींच्या रूपात दडवलेलं. जे लोक 'टॅग आहे ना, मग टारबॉल तोच असणार' असं धरून चालले त्यांना काही दिसलं नाही. टॅग, टारबॉल आणि आपल्या अपस्ट्रीम ब्रँचमधला मजकूर हे तिन्ही जुळतात की नाही, हे बघणारा शेवटचा माणूस पॅकेज बांधणारा असतो. त्याच्यापुढे थेट वापरणारा.

आणि उलट बाजूही आहे, प्रत्येक न जुळणं म्हणजे घात नसतो. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबनं आपोआप तयार होणाऱ्या टारबॉलांसाठी नव्या गिटचं अंतर्गत जीझिप वापरायला सुरुवात केली. आतला मजकूर तोच, पण दाबलेल्या फाइलीचे बाइट बदलले. जगभरच्या पॅकेज बांधणाऱ्यांचे चेकसम (फाइलीच्या बाइटांवरून काढलेले पडताळ्याचे आकडे) जुळेनात, बिल्ड पडले, आणि तो बदल मागे घ्यावा लागला. म्हणून चेकसम चुकला की घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. उघडायचं, आत काय आहे ते ताडायचं.

तुमच्यासाठी उपाय एकच: अपस्ट्रीमला नम्रपणे लिहा की १.४ चा टॅग जुन्या जागी ठेवा आणि रूपांतरित यादी १.४.१ म्हणून काढा. उद्या हे पॅकेज डेबियनमध्ये पाठवायचं म्हटलं तर एकाच नावाची आणि आवृत्तीची दुसरी .ओरिग (मूळ) टारबॉल तिथला अर्काइव्ह स्वीकारत नाही. हे कारण त्यांना सांगा, कुणालाही पटेल.

---

गाविलगड · धारणी

ताई, भाऊ, मधात बोलतो त्याबद्दल माफी. मी पऱ्हाटी भाऊच्याच पॅकेजसाठी कोरकू भागातले मराठी शब्द गोळा करून राहिलो. काल सांजच्याला कमिट केलं न तेवढ्यात लाइन गेली. डेस्कटॉप हाय, बॅटरी नाही. आता गिट काहीच करू देत नाही. 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी', 'लूज ऑब्जेक्ट इज करप्ट' म्हणते. पुन्हा क्लोन कराव तं नेट इतकं मरते की अर्ध्यातच 'अर्ली ईओएफ' येते न पहिल्यापासून सुरू होते. शब्द जातीन काय माहे?

---

संत्राबाग · वरुड

नाही जात भाऊ, घाबरू नका. फक्त काही डिलीट करायच्या आधी अख्खं फोल्डर, .गिट धरून, पेन ड्राइव्हवर कॉपी करा. कामाच्या फोल्डरातली शब्दांची फाइल वेगळ्या जागी ठेवा. ती साधी फाइल आहे, तिला काही झालेलं नसणार.

झालं काय ते आधी. गिट लूज ऑब्जेक्ट (इतिहासातल्या नोंदीची सुटी फाइल) लिहितं तेव्हा मूळ सेटिंगनुसार ते डिस्कवर पक्कं बसलं की नाही याची वाट बघत नाही. फाइल तयार झाली, नाव बसलं, मजकूर अजून मेमरीत, आणि लाइन गेली. शून्य बाइटची फाइल उरते.

रिकाम्या ऑब्जेक्ट फाइली काढा:

फाइंड .गिट/ऑब्जेक्ट्स -टाइप एफ -एम्प्टी -डिलीट

मग 'गिट एफएससीके --फुल' चालवून काय काय हरवलं ते बघा. हेडच (सध्याच्या कमिटाकडे बोट दाखवणारी नोंद) बिघडला असेल तर .गिट/लॉग्ज/हेड ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. शेवटच्या ओळींत जुने हॅश असतात, त्यातला शेवटचा चांगला कमिट शोधून ब्रँच तिथं वळवा. इंडेक्स बिघडला असेल तर .गिट/इंडेक्स काढून 'गिट रीसेट' करा, कामाच्या फाइलींना हात लागत नाही. आणि 'इंडेक्स.लॉक एग्झिस्ट्स' म्हणत असेल तर दुसरं गिट चालू नाही याची खात्री करून ती लॉक फाइल काढा.

जे ऑब्जेक्ट सर्व्हरवर आहेत ते परत आणायला साधा फेच पुरत नाही, कारण गिटला वाटतं ते आपल्याकडे आहेतच. २.३६ पासून 'गिट फेच --रीफेच' आहे, पण ते सगळंच पुन्हा उतरवतं, तुमच्या नेटवर ते होणार नाही. त्यापेक्षा पऱ्हाटी भाऊंच्या क्लोनमधून .गिट/ऑब्जेक्ट्स/पॅक मधल्या फाइली आणा आणि आपल्या त्याच फोल्डरात टाका.

पुढं असं होऊ नये म्हणून:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एफसिंक ऑल

हेही २.३६ पासूनच. कमिट जरासं हळू होईल. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ते परवडतं.

---

पऱ्हाटी · दारव्हा

गाविलगड भाऊ, पॅक मी देतो, खाली बोलू. तुमचे शब्द जाऊ देणार नाही.

वर्धाकाठ ताई, अपस्ट्रीमला लिहिलं आहे. दरम्यान एका ठिकाणी वाचलं की असं रूपांतराचं कमिट असेल तर आधी त्याच्या आधीच्या कमिटापर्यंत मर्ज करायचं, मग आपल्या ब्रँचवर तेच रूपांतर चालवायचं, मग रूपांतराचं कमिट '-एस अवर्स' नं (फक्त आपल्या बाजूचा मजकूर ठेवून) मर्ज करायचं, म्हणजे गिट समजतं की हे आलेलं आहे. आपल्याला चालेल का हे?

---

संत्राबाग · वरुड

थांबा. मी अपस्ट्रीमचं ते कमिट उघडून पाहिलं. नुसतं रूपांतर नाही, त्याच कमिटात नवे शब्दही घातलेत. 'गिट डिफ --वर्ड-डिफ' लावलं तेव्हा दिसलं. '-एस अवर्स' केलं तर समोरचा सगळा आशय टाकला जाईल आणि गिट कधीच तक्रार करणार नाही, कारण त्याच्या लेखी मर्ज झालेलं असेल. नवे शब्द गुपचूप गायब.

---

वर्धाकाठ · आर्वी

संत्राबाग भाऊंनी मोठं काम केलं. ती युक्ती फक्त निव्वळ यांत्रिक कमिटासाठी आहे. मिश्र कमिटाला ती लावू नये.

मग मर्ज ड्रायव्हर लिहा. कल्पना सरळ आहे. मर्जच्या वेळी गिट तुमच्या स्क्रिप्टला तीन फाइली देतं: पूर्वज, आपली, समोरची. स्क्रिप्टनं तिन्हींवर तेच रूपांतर चालवायचं आणि मग 'गिट मर्ज-फाइल' ला द्यायच्या. तिन्ही बाजूंना ऱ्य एकाच प्रकारचा झाला की दिसण्यापुरते कॉन्फ्लिक्ट विरघळतात आणि उरतात ते खरे.

गिट कॉन्फिग मर्ज.मराठी.ड्रायव्हर "मराठी-जुळव %ओ %ए %बी"

आणि .गिट/इन्फो/ॲट्रिब्यूट्स या फाइलीत:

*.डिक मर्ज=मराठी

.गिटॲट्रिब्यूट्सऐवजी इन्फोमध्ये टाकायचं कारण, अपस्ट्रीमच्या फोल्डरात आपली नवी फाइल नको. निकाल '%ए' च्याच फाइलीत लिहायचा आणि मर्ज-फाइलचा एग्झिट कोड तसाच पुढे द्यायचा, म्हणजे खरा कॉन्फ्लिक्ट असेल तर गिटला कळतो. ड्रायव्हर तेव्हाच बोलावला जातो जेव्हा दोन्ही बाजूंनी फाइल बदललेली असते, तुमच्या इथं ती बदललेलीच आहे. आणि ही सेटिंग क्लोनबरोबर जात नाही, गाविलगड भाऊंना त्यांच्या यंत्रावर वेगळी करावी लागेल.

'जीबीपी पीक्यू रीबेस' आतून गिट रीबेसच वापरतं आणि २.२६ पासून रीबेस मूळतः मर्ज यंत्रणेवर चालतं, त्यामुळे ड्रायव्हर तिथंही लागू होतो. क्रम मात्र पाळा: आधी जुन्या आवृत्तीवर 'जीबीपी पीक्यू इम्पोर्ट', मग 'जीबीपी इम्पोर्ट-ओरिग', मग 'जीबीपी पीक्यू रीबेस', शेवटी 'एक्सपोर्ट'. नवी आवृत्ती आधी घेतली तर जुने पॅच ब्रँचवर चढतच नाहीत आणि माणूस पॅच हातानं दुरुस्त करत बसतो.

---

पऱ्हाटी · दारव्हा

चाललं! ड्रायव्हर लावून रीबेस पुन्हा केला. ती सगळी रांग नाहीशी झाली. उरले ते मोजके, आणि ते खरोखर विचार करण्यासारखे आहेत. त्यातला एक इथं मांडतो, कारण माझ्या एकट्याचं मत त्यावर पुरेसं नाही.

अपस्ट्रीमनं 'धुरा' शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्ययगट दिला आहे: धुरा, धुरेचा, धुरेवर. आमच्या पॅचमध्ये तोच शब्द पुल्लिंगी आहे: धुरा, धुऱ्याचा, धुऱ्यावर. गिटला दोन्ही एकाच ओळीतले बदल वाटतात.

---

झाडीपट्टी · साकोली

दोन्ही बरोबर आहेत हो. त्यांचा धुरा म्हणजे खांद्यावर घेतात ती, 'संस्थेची धुरा सांभाळली'. आपला धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली मेर. आमच्या धानाच्या पट्ट्यात आम्ही बांधीचा बांध म्हणतो, पण धुरा सगळ्यांना कळतो. एक काढून दुसरा ठेवू नका.

---

वर्धाकाठ · आर्वी

हनस्पेलला एकाच शब्दाच्या दोन ओळी वेगवेगळ्या प्रत्ययगटांसह चालतात. दोन्ही ठेवा. आणि हा बदल पॅचमध्ये दडवून ठेवू नका, अपस्ट्रीमला पाठवा. पॅचच्या डोक्यावर 'फॉरवर्डेड' ही नोंद करा, म्हणजे पुढं हे पॅकेज दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्याला कळेल की हा पॅच मूळ गटाकडे गेलेला आहे.

आता पहिल्या ओळीचा जुना त्रास. .डिकच्या पहिल्या ओळीत शब्दांची अंदाजे संख्या असते, हनस्पेल तिच्यावरून मेमरीचा हिशेब करतं. दोघांनी वेगवेगळे शब्द घातले की दोघांची संख्या बदलते, म्हणजे ती ओळ प्रत्येक मर्जला भांडणारच. माझं ठाम मत आहे की यंत्रानं मोजता येणारी गोष्ट गिटमध्ये ठेवूच नये. गिटमध्ये माणसांनी लिहिलेल्या साध्या शब्दयाद्या राहू द्या, .डिक ही बिल्डच्या वेळी तयार होऊ द्या. अपस्ट्रीम तयार नसेल तोवर निदान ड्रायव्हरमध्ये पहिली ओळ काढून टाका आणि शेवटी मोजून परत घाला.

क्रमाचंही बघा. सॉर्ट चालवताना एलसी_ऑल=सी ठेवा. एकाच्या यंत्रावर मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) आणि दुसऱ्याच्या यंत्रावर इंग्रजी असेल तर तीच यादी वेगळ्या क्रमानं लागते आणि अख्खी फाइल बदललेली दिसते.

शेतीचे शब्द अपस्ट्रीमच्या मोठ्या फाइलीत पॅचनं खुपसण्याऐवजी डेबियन फोल्डरातच 'शेती.टीएक्सटी' अशी वेगळी फाइल करा आणि डेबियन/रूल्समध्ये बिल्डच्या वेळी दोन्ही जोडा. त्यांचं वावर त्यांचं, आपलं वावर आपलं, मधे धुरा स्पष्ट. मग अपस्ट्रीमनं आत काहीही नांगरलं तरी आपले पॅच अडकणार नाहीत, कारण पॅचच उरणार नाहीत.

आणि ज्यांचा कळफलक जुन्या पद्धतीनं ऱ्य लिहितो त्यांच्यासाठी .ॲफ या प्रत्ययनियमांच्या फाइलीत आयकॉन्व्हचे (टाइप केलेलं तपासण्याआधी बदलून घेण्याचे) नियम घाला: र-हलन्त-झेडडब्ल्यूजे आलं तर ऱ-हलन्त समजावं, र-नुक्ता आलं तर ऱ. यादी शुद्ध राहते आणि टाइप करणाऱ्याला लाल रेघ दिसत नाही.

---

झाडीपट्टी · साकोली

याच धाग्यात विचारून घेतो. मी पऱ्हाटी भाऊंचं पॅकेज बांधून पाहिलं तर डीपीकेजी-सोर्स (पॅकेजचा मूळ गठ्ठा बांधणारं साधन) 'लोकल चेंजेस डिटेक्टेड' म्हणून थांबतं. काय करावं?

---

संत्राबाग · वरुड

तुम्ही शब्द थेट मूळ फाइलीत घातले असणार. ३.० क्विल्ट प्रकारात डेबियन फोल्डराच्या बाहेरचा प्रत्येक बदल पॅचमध्येच असावा लागतो. 'डीपीकेजी-सोर्स --कमिट' त्याचा पॅच करून देतं. पण ताईंनी सांगितल्याप्रमाणे वेगळी फाइल झाली की ही वेळच येणार नाही, त्यामुळे सध्या बदल मागे घ्या आणि शब्द पऱ्हाटी भाऊंना पाठवा.

---

पऱ्हाटी · दारव्हा

अपस्ट्रीमचं उत्तर आलं. टॅग जुन्या कमिटावर परत नेला आहे आणि १.४.१ काढली आहे. 'धुरा' च्या दोन्ही ओळी त्यांनी घेतल्या. रूपांतराचा स्क्रिप्टही त्यांनी रिपॉझिटरीत ठेवला, त्यामुळे आमचा ड्रायव्हर आता तोच स्क्रिप्ट बोलावतो, दोन वेगळे नियम राहिले नाहीत. शेतीची यादी वेगळी करून १.४.१-१ बांधलं. लॅबमधल्या एका यंत्रावर बसवून लिब्रेऑफिसमध्ये 'डवऱ्याचा' तिन्ही प्रकारांनी टाइप करून पाहिला, रेघ कुठंच नाही.

एकच राहिलं. 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणं) केलं की आता जवळपास प्रत्येक ऱ्य च्या ओळीवर रूपांतर करणाऱ्याचं नाव येते. शब्द कोणी दिला, कोणत्या गावातून आला, हे आम्ही कमिटच्या संदेशात लिहीत आलो आहे. ते झाकलं जायला नको.

---

वर्धाकाठ · आर्वी

'.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' नावाची फाइल करा, त्यात रूपांतराच्या कमिटाचा पूर्ण हॅश लिहा, आणि:

गिट कॉन्फिग ब्लेम.इग्नोररेव्ह्सफाइल .गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज

गिट २.२३ पासून हे आहे. ब्लेम ते कमिट ओलांडून मागच्या माणसापर्यंत जाईल. अपस्ट्रीमनं त्या कमिटात जे नवे शब्द घातले ते ओलांडायला मागे काही नसल्यामुळे त्यांच्याच नावावर राहतील.

---

गाविलगड · धारणी

भाऊ, रिकाम्या फाइली काढल्या, लॉग्जमधून जुना कमिट भेटला, माहे शब्द जसेच्या तसे हायेत. आता फक्त तुमचं १.४.१ पाह्यजे. माहा भाचा शनिवारी अमरावतीवरून येऊन राहिला, त्याच्या हाती पेन ड्राइव्ह देता येईन काय?

---

पऱ्हाटी · दारव्हा

हो, देतो. क्लोनच्या ऐवजी बंडल करून देतो, एकच फाइल असते:

गिट बंडल क्रिएट शेती.बंडल --ऑल

मिळाल्यावर आधी 'गिट बंडल व्हेरिफाय शेती.बंडल' करा, मग त्या फाइलीचा पत्ता देऊन नेहमीसारखा फेच करा, नेट लागत नाही. टॅगही त्यात येतील. तुमच्याकडे १.४ चा हललेला टॅग उतरला असेल तर तो आधी 'गिट टॅग -डी' नं काढून टाका, नाहीतर क्लॉबरचा संदेश येईल. मर्ज ड्रायव्हरच्या दोन ओळी वेगळ्या फाइलीत लिहून सोबत ठेवतो.